हिमालयातील बौद्ध स्थळे: शरदाच्या सुरुवातीला जाणाऱ्या विदर्भातील तरुणांसाठी माहिती

सप्टेंबर उजाडला की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या तरुणांचे फोन सुरू होतात. "ताई, लडाखला जायचं आहे, काय काय बघायचं?" कुणाला बुलेटवर जायचे असते, कुणाला स्पितीचा व्हिडिओ पाहून जायचे असते, कुणाला बौद्ध देश कसा दिसतो ते पाहायचे असते. वेळ त्यांनी बरोबर निवडलेली असते. सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा उंच हिमालयात जाण्याचा उत्तम काळ आहे. पाऊस ओसरलेला असतो, खिंडी उघड्या असतात, जवाची कापणी सुरू असते, सफरचंदे उतरत असतात आणि सप्टेंबरअखेरीस पॉपलर व विलोची झाडे पिवळी पडू लागतात. या काळात निघाले तर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर हजर राहता येईल असे नियोजनही बसवता येते.

मात्र यादी देण्याआधी मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: सावकाश जा. आपल्या भागातल्या तरुणांसाठी हा शब्द जिवाशी जोडलेला आहे. आणि तिथला धम्म व तिथली माणसे समजून घ्यायची असतील तरीही तोच उपयोगी पडतो. हा लेख त्याच दृष्टीने लिहिला आहे.

निघण्याआधी: सिकलसेलची तपासणी

भंडारा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्याकडच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. हा फरक कोणत्याही निरोगी माणसाला जाणवतो. पण विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, म्हणून आपल्यासाठी हा प्रश्न वेगळा ठरतो.

सिकलसेलचा रुग्ण (एसएस) आणि वाहक (एएस) यांतला फरक आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. तो शेतात काम करतो, कबड्डी खेळतो, पोलीस भरतीसाठी धावतो. अनेकांना तर आपण वाहक आहोत हेच माहीत नसते. पण उंचावर प्राणवायू कमी पडला, त्यात पाणी कमी प्यायले आणि दमछाक झाली, की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. त्या प्लीहेत अडकल्या तर तिथला रक्तपुरवठा तुटतो. बरगडीखाली डाव्या बाजूला तीव्र वेदना होतात. वैद्यकशास्त्रात ही गोष्ट चांगली नोंदलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही नऊजण विमानाने लेहला गेलो. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या आग्रहाने खारदुंग-लाची गाडी केली. ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. परतताना आमच्यातला एक मित्र पोटाची डावी बाजू धरून बसला. आधी आम्हाला वाटले, सकाळचे पराठे बाधले. रात्री रुग्णालयात नेले, प्राणवायू लावला, दोन दिवसांनी खाली आणले. तो वाचला. भंडाऱ्याला आल्यावर तपासणीत कळले की तो वाहक आहे. त्याचे वय तेव्हा २८ होते आणि त्याआधी त्याची कुणी कधी तपासणी केली नव्हती. मी सामाजिक कार्यात असूनही गटातल्या कुणालाही तपासणी करून घ्या म्हणाले नव्हते. ती चूक माझी होती. तेव्हापासून तिकिटाच्या आधी तपासणी असा आमच्या गटाचा नियम आहे.

तो नियम असा:

- प्रत्येकाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी चाचणी करावी. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने रुग्ण की वाहक हे पक्के करून घ्यावे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. तपासणी मागायला संकोच करू नये.
- सिकलसेलच्या रुग्णाने या उंचीवर जाऊ नये. त्यांच्यासाठी बोधगया, सारनाथ, कुशीनगर, सांची ही स्थळे आहेत. तिथला प्रवास कमी मोलाचा नाही.
- वाहकाने डॉक्टरांचा सल्ला घेऊन, हळूहळू चढणाऱ्या मार्गानेच जावे. भरपूर पाणी प्यावे, धावपळ व लांब चढाई टाळावी. डाव्या बरगडीखाली दुखले तर थांबू नये, लगेच खाली उतरावे आणि डॉक्टरांना "मी सिकलसेलचा वाहक आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे.

सिकलसेल नसलेल्यांनाही विरळ हवेचा त्रास होतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे. बसल्या जागी धाप लागणे, ओला खोकला, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही धोक्याची लक्षणे. त्यावर खाली उतरणे हाच खरा उपाय. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, असा साधा नियम आहे. डायमॉक्स ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही, डॉक्टरांनाच विचारा. दारू तर पंचशील घेतलेल्या माणसाला वर्ज्यच आहे, पण उंचावर ती आरोग्यालाही घातक आहे.

पहिला मुक्काम घराजवळ: गोठणगाव आणि पवनी

दिवाळीच्या आसपास भंडाऱ्यात, नागपुरात स्वेटर विकणारी तिबेटी कुटुंबे आपण लहानपणापासून पाहतो. भाव करताना त्यांच्याशी बोलतो, पण ती कुठून येतात हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्यांची एक वसाहत आपल्या शेजारीच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगावला 'नोरग्येलिंग' ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ मध्ये वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. म्हणून तिबेटी समाजात ही वसाहत आजही 'भंडारा' या नावाने ओळखली जाते. धर्मशाळेत एखाद्या वृद्ध तिबेटी माणसाला "मी भंडाऱ्याचा" म्हणून सांगा, तो तुम्हाला ओळखीचे हसू देण्याची शक्यता आहे.

हिमालयाला निघण्याआधी एक रविवार तिथे जा. प्रार्थनाध्वज, मणीचक्र, लोण्याचे दिवे, पद्मसंभवाची प्रतिमा या सगळ्याची पहिली ओळख तिथेच होईल. देश सुटल्यावर धम्माने माणसांना कसे बांधून ठेवले, हेही तिथे कळेल. ते लोकांचे राहते गाव आहे, त्यामुळे विचारून आत जा, विचारूनच फोटो काढा.

दुसरी जागा पवनी. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्या काळच्या शिल्पांत बुद्ध मनुष्यरूपात दिसत नाहीत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, स्तूप यांतून त्यांचे अस्तित्व दाखवले जाते. पुढे अजिंठ्यात बुद्ध आणि बोधिसत्त्व रंगांत आले. त्याच परंपरेच्या काश्मिरी शाखेने अकराव्या-बाराव्या शतकात लडाख-स्पितीच्या भिंती रंगवल्या. पवनी, अजिंठा, ताबो असा क्रम डोक्यात असेल तर हिमालयातल्या त्या अनेक हातांच्या, उग्र चेहऱ्यांच्या प्रतिमा पाहून गोंधळ उडणार नाही. दीड हजार वर्षांत एका विचाराने किती रूपे घेतली ते समजेल.

मार्ग पहिला: किन्नौर आणि स्पिती

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवते, कारण तो हळूहळू चढतो. भंडारा रोड (वरठी) किंवा नागपूरहून रेल्वेने दिल्ली, तिथून कालका मार्गे किंवा बसने शिमला. पुढे हिमाचल परिवहनच्या बस सतलजच्या काठाने वर जातात. भारतीय नागरिकांना या मार्गावर परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ ठेवा.

*कल्पा (सुमारे २,९६० मीटर).* किन्नर कैलास पर्वतासमोरचे गाव. सप्टेंबरात सफरचंदाच्या बागा भरलेल्या असतात. दोन रात्री राहा, शरीराला सवय होऊ द्या.

*कानम.* किन्नौरच्या वरच्या भागातले हे गाव पर्यटकांच्या यादीत नसते. हंगेरीचा अलेक्झांडर चोमा द कोरोशी १८२७ ते १८३० या काळात इथल्या मठात राहून तिबेटी ग्रंथांचा अभ्यास करत होता. त्याआधी त्याने झंस्करमध्ये कडाक्याच्या थंडीत लामांकडे भाषा शिकली. हातात पैसा नसलेल्या या विद्यार्थ्याने १८३४ मध्ये तिबेटी-इंग्रजी शब्दकोश आणि व्याकरण प्रसिद्ध केले. स्पर्धा परीक्षेच्या खोलीत दिवस काढणाऱ्या आपल्या मुलांनी हे गाव जरूर पाहावे.

*नाको (सुमारे ३,६६० मीटर).* तळ्याकाठचे गाव आणि अकराव्या शतकातली मंदिरे. इथे दुपारी थांबा, पण मुक्काम करू नका. कल्पाहून थेट इतक्या उंचीवर झोपणे बरे नाही. पुढे उतरून ताबोला जा.

*ताबो (३,२०० मीटरच्या आसपास).* या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण. इ.स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटचा राजा येशे-ओ याच्या काळात हा मठ स्थापन झाला. महान अनुवादक रिंचेन झांगपो (९५८-१०५५) याचे नाव या परंपरेशी जोडलेले आहे. त्याने काश्मीरहून कलावंत आणले आणि संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेले. भारतात नालंदा, विक्रमशिला नष्ट झाल्यावर त्यातले कितीतरी ग्रंथ तिबेटी अनुवादातच उरले. बाहेरून ताबो म्हणजे मातीची बसकी घरे. आत मुख्य सभागृहात भिंतींवर मातीच्या मूर्ती आणि हजार वर्षांची चित्रे. याला 'हिमालयातील अजिंठा' म्हणतात. आत दिवे नसतात, फोटोला बंदी आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटे शांत बसा. दोन रात्री राहा.

*धनकर (सुमारे ३,९०० मीटर).* स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर कड्याच्या टोकाला टेकलेला जुना मठ. इमारत नाजूक झाली आहे, एकावेळी मोजकीच माणसे आत जाऊ द्या.

*काझा (सुमारे ३,६५० मीटर) आणि परिसर.* इथे तीन रात्री राहून दिवसा वर जाऊन यावे. की मठ ४,१६६ मीटरवर आहे, गेलुग परंपरेतला स्पितीतला सर्वांत मोठा मठ. लांगझाची बुद्धमूर्ती, हिक्किमचे डाकघर, कोमिक (४,५८७ मीटर) ही गावे एका दिवसात होतात. हिक्किमहून घरी पत्र टाका, आईला आवडते.

परतीला कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मीटर) ओलांडून लाहौल आणि अटल बोगद्यातून मनालीला जाता येते. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. कुंझुम ऑक्टोबरात बर्फामुळे कधीही बंद होऊ शकते, म्हणून काझात चौकशी करूनच तो रस्ता धरा. शिमल्यापासून मनालीपर्यंत अकरा-बारा दिवस हाताशी ठेवा.

मार्ग दुसरा: श्रीनगर ते लेह

मनाली-लेह रस्ता प्रसिद्ध आहे, पण त्यावर बारालाचा (सुमारे ४,८९० मीटर) आणि तांगलांग-ला (५,३०० मीटरहून अधिक) या खिंडी लागतात आणि मधला सरचूचा मुक्काम ४,००० मीटरच्या वर होतो. सरावाआधी तिथे झोपणे धोक्याचे. विमानाने तर दीड तासात ३,५०० मीटरवर उतरता. विमानानेच जावे लागले तर पहिले ४८ तास लेहमध्ये पूर्ण विश्रांती घ्या. श्रीनगर-लेह रस्ता सुमारे ४२० किलोमीटरचा आहे आणि तो शरीराला वेळ देतो.

*कारगिल (सुमारे २,७०० मीटर) आणि मुलबेक.* दोन रात्री कारगिलला. पुढच्या रस्त्यावर मुलबेक येथे खडकात कोरलेली सुमारे नऊ मीटर उंचीची मैत्रेयाची उभी मूर्ती आहे. लडाख म्हणजे सगळे बौद्ध, हा आपला समज इथेच दुरुस्त होतो. २०११ च्या जनगणनेनुसार लडाखच्या २,७४,२८९ लोकसंख्येत मुस्लिम सुमारे ४६ टक्के आणि बौद्ध सुमारे ४० टक्के आहेत.

*लामायुरू.* फोटू-ला (४,१०८ मीटर) ओलांडल्यावर पिवळ्या मातीच्या घड्यांमध्ये हा मठ दिसतो. ड्रिकुंग काग्यू परंपरेचा हा जुना मठ. एक-दोन तास थांबून खाली आल्चीला जा.

*आल्ची (सुमारे ३,१०० मीटर).* बहुतेक मठ टेकडीवर असतात, आल्ची सिंधूच्या काठी सपाटीवर आहे. तीन मजली सुमत्सेक मंदिरात उभ्या बोधिसत्त्वांच्या विशाल मूर्ती आहेत. त्यांच्या धोतरांवर सुईच्या टोकाने काढावीत तशी चित्रे रंगवली आहेत. काश्मिरी बौद्ध कला काश्मीरमध्ये जवळजवळ उरली नाही, ती इथे उरली. दोन रात्री राहा. जवळच लिकिर आणि बास्गो आहेत.

*लेह आणि परिसर.* इथे तीन-चार दिवस. शे, ठिकसे आणि हेमिस एका रस्त्यावर आहेत. ठिकसेला दोन मजली उंचीचा मैत्रेय आहे. पहाटेच्या प्रार्थनेला गेलात तर भिक्खूंबरोबर लोण्याचा खारा चहा मिळेल. हेमिस द्रुकपा परंपरेचा, सतराव्या शतकातला मठ. शहरालगतचा शांतिस्तूप जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने उभा राहिला आणि १९९१ मध्ये पूर्ण झाला. लेहजवळ चोगलमसरला केंद्रीय बौद्ध विद्या संस्थान आहे (स्थापना १९५९). त्याच भागात देवाचन येथे भिक्खू संघसेन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले महाबोधी आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र आहे. ते थेरवादी परंपरेतले आहे, तिथे पाली वंदना कानावर पडली की आपल्याला घरी आल्यासारखे वाटते.

*दिस्कित, नुब्रा (सुमारे ३,१५० मीटर).* लेहमध्ये किमान तीन रात्री काढल्यावरच खारदुंग-ला ओलांडा. खिंडीत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. दिस्कितला ३२ मीटर उंचीचा मैत्रेय आहे.

*पांगोंग (सुमारे ४,२५० मीटर) आणि हानले (सुमारे ४,५०० मीटर).* ही ठिकाणे शेवटी ठेवा. सिकलसेल वाहकांनी ती वगळलेली बरी. हानलेला भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि तिथले आकाश रात्री जसे दिसते तसे आपण कधी पाहिलेले नसते. सीमाभागात जाताना प्रशासनाची परवानगी व शुल्काचे नियम बदलत असतात, लेहला पोचल्यावर आधी ते पाहा.

एक व्यवहाराची गोष्ट: महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. गटात किमान दोघांकडे पोस्टपेड असू द्या आणि घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर तीन दिवस फोन लागला नाही की आई-बाबांचा जीव टांगणीला लागतो.

काय पाहायचे: मठाच्या आत आणि बाहेर

धर्मानंद कोसंबी बुद्धधम्माच्या शोधात १९०२ मध्ये नेपाळला गेले. तिथे त्यांना कर्मकांड दिसले आणि ते निराश झाले. मग ते श्रीलंकेला गेले आणि पाली शिकले. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरातले तरुणही लडाखला जाऊन असेच गोंधळतात. "ताई, हे तर देवच पुजतात, मग फरक काय?" असे मला विचारले गेले आहे. माझे उत्तर असे: आपल्याला न पटणाऱ्या विधीत भाग घेण्याची सक्ती कुणी करत नाही. पण थट्टा करू नका. वज्रयान काय म्हणते ते आधी वाचा, तिथल्या भिक्खूला विचारा. ती उग्र रूपे राग, मोह, मृत्यूचे भय यांच्याशी झुंजण्याची साधने आहेत, असे तो सांगेल. ते ऐका, मग आपले मत बनवा.

प्रतिमांइतकेच माणसांकडे पाहा. आपण जातीची झळ सोसलेली माणसे आहोत, तेव्हा बौद्ध प्रदेशातही उतरंड आहे का, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. लडाखमध्ये मोन आणि बेडा हे वादन करणारे समाज आणि गारा हे लोहारकाम करणारे समाज परंपरेने खालचे मानले गेले. लग्नसंबंध नाहीत, पंगतीत बसण्याची जागा शेवटची. १९८९ च्या आदेशाने हे तिन्ही समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आले, त्याच यादीत इतर बहुसंख्य लडाखी समाजही आहेत. म्हणजे कागदावर सगळे एका रांगेत, गावात मात्र रांग वेगळी. ज्या ढोल-सनईशिवाय तिथला सण होत नाही, ती वाजवणाऱ्याला बसायला शेवटची जागा, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. हा प्रश्न तिथल्या तरुणांनीही उचललेला आहे. तुम्ही न्यायाधीश बनून जाऊ नका. घरी मुक्कामाला ठेवणाऱ्या कुटुंबाशी, तिथल्या विद्यार्थ्यांशी बरोबरीच्या नात्याने बोला आणि आपल्या गावचेही खरे सांगा.

भिक्खुणींना भेटा. तिबेटी परंपरेत स्त्रियांना पूर्ण उपसंपदेचा प्रश्न दीर्घकाळ अडलेला आहे. मात्र उच्च तत्त्वज्ञानाची 'गेशेमा' पदवी २०१६ मध्ये पहिल्यांदा २० भिक्खुणींना मिळाली. आपल्या विहारात ग्रंथवाचन बायकाच करतात आणि समितीच्या खुर्च्यांवर पुरुष बसतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा.

आणि पाणी पाहा. आपला जिल्हा तलावांचा. पूर्वजांनी बांधलेल्या मामा तलावांवर इथली धानशेती उभी राहिली. भंडाऱ्यात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. लेहमध्ये शंभर मिलिमीटरच्या आसपास. तिथे हिमनदीच्या पाण्यावर जव पिकतो. गावात 'झिंग' नावाची साठवण तळी असतात आणि पाळीने पाणी सोडणारा 'चुरपोन' गाव नेमते. चेवांग नोर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या, २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा गावात आपण हॉटेलच्या गरम शॉवरखाली अर्धा तास उभे राहतो, ते कुणाच्या तरी शेताचे पाणी असते. शक्यतो घरगुती मुक्काम घ्या, कोरडा संडास वापरायला लाजू नका, बाटल्या परत आणा.

लडाखचे राजकारणही समजून घ्या. ३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश झाला. जमीन आणि नोकऱ्यांच्या संरक्षणासाठी राज्याचा दर्जा आणि संविधानाची सहावी अनुसूची लागू करावी, या मागणीसाठी लेहचे बौद्ध आणि कारगिलचे मुस्लिम एकत्र आले. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये आंदोलन चिघळले, चारजण मृत्युमुखी पडले आणि संचारबंदी लागली. पर्यटनाच्या ऐन हंगामात हे घडले. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात बातम्या पाहा, परतीच्या तिकिटात दोन दिवस जास्तीचे ठेवा. संविधानाचे नाव घेणाऱ्या आपल्या चळवळीने या मागणीची माहिती तरी ठेवावी.

वागण्याचे साधे नियम

- स्तूप, मणीभिंत, मणीचक्र यांना उजव्या हाताला ठेवून फिरा.
- मंदिरात जोडे, टोपी, मोठा आवाज नको. जुन्या चित्रांना हात लावू नका. हाताच्या घामानेही रंग जातो.
- भिक्खूंचा, मुलांचा, शेतात काम करणाऱ्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.
- भेटल्यावर 'जुले' म्हणा. नमस्कार, धन्यवाद, निरोप, सगळे त्यात येते.
- घोषणा देणारे स्टिकर किंवा निळे झेंडे मठांच्या भिंतींवर लावू नका. आपली ओळख बोलण्यातून द्या. "जयभीम म्हणजे काय?" असे कुणी विचारले तर १४ ऑक्टोबर १९५६ ची गोष्ट सांगा.

परत आल्यावर

गटाने परतल्यावर आपापल्या विहारात एक रविवार ठेवावा. फोटो दाखवावेत, पण त्याआधी दहा मिनिटे सिकलसेलवर बोलावे आणि जमलेल्यांपैकी ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांची नावे लिहून घ्यावीत. आमचा तो मित्र आता दरवर्षी हेच काम करतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा हिमालयात जाणार आहे, डॉक्टरांना विचारून, किन्नौरच्या रस्त्याने, ताबोपर्यंतच. खारदुंग-लाला नाही.